मधल्या दाराने विद्यापीठात: अमेरिकेतील ट्रान्स्फर प्रवेशाचा आढावा

अमेरिकेत शिकणारा नातू एका कॉलेजात दोन वर्षे काढून दुसऱ्या विद्यापीठात गेला असे कळले, की इकडच्या आजी-आजोबांना पहिली शंका येते ती 'तिथे काही बिनसलं का?' ही. आपल्याकडे पदवीच्या मध्येच कॉलेज बदलायचे म्हणजे मायग्रेशन सर्टिफिकेट, विद्यापीठाच्या खेपा आणि बहुधा एखादे वाया गेलेले वर्ष. अमेरिकेत मात्र पदवीसाठी नाव घातलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक विद्यार्थी शिक्षण संपण्याआधी एकदा तरी संस्था बदलतात. बराक ओबामा लॉस एंजेलिसच्या ऑक्सिडेंटल कॉलेजात दोन वर्षे शिकून १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. डोनाल्ड ट्रम्प फोर्डममध्ये दोन वर्षे होते. पदवी त्यांनी १९६८ साली घेतली ती पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन शाखेतून. एवढ्या एका बाबतीत तरी दोघांची वाट सारखी आहे.

बहुतेक बदल्या साध्या असतात. कुणाला घराजवळ यायचे असते, कुणाला फी झेपत नाही, कुणाचा विषय बदलतो. त्यांच्याविषयी फारसा वाद नाही. वाद आहे तो एका चिंचोळ्या भागाबद्दल: जिथे बारावीनंतर प्रवेश मिळणेच दुर्मीळ, अशा विद्यापीठात दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाला शिरण्याबद्दल. हा मार्ग किती खरा आहे, कोणासाठी आहे आणि तो असावा का, या तिन्ही प्रश्नांवर साठ वर्षे लिहिले जात आहे.

सुरुवात कुठून झाली

१९०१ साली इलिनॉय राज्यात जोलिएट ज्युनिअर कॉलेज सुरू झाले. अमेरिकेतले सर्वांत जुने सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षे शिकवणारे स्थानिक कॉलेज, म्हणून त्याचे नाव घेतात. त्यामागे शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांचा विचार होता. पहिल्या दोन वर्षांचे सर्वसाधारण शिक्षण गावोगावच्या कॉलेजांनी द्यावे आणि विद्यापीठाने पुढच्या अभ्यासावर व संशोधनावर लक्ष द्यावे, अशी ती कल्पना. म्हणजे शिक्षण लोकांच्या दारी नेणे आणि विद्यापीठाच्या दारातली गर्दी हटवणे, हे दोन्ही हेतू पहिल्या दिवसापासून एकत्र नांदत होते. पुढची सगळी भांडणे या दुहेरी हेतूतूनच निघाली, असे मला वाटते.

दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या जी. आय. बिलाने शिक्षणाचा खर्च दिला. कोलंबियाने १९४७ मध्ये अशा प्रौढ विद्यार्थ्यांसाठी 'स्कूल ऑफ जनरल स्टडीज' उभारले. ते आजही चालू आहे. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या आयोगाने देशभर कम्युनिटी कॉलेजे काढण्याची शिफारस केली. मात्र या सगळ्याला रीतसर रचना दिली ती कॅलिफोर्नियाने.

कॅलिफोर्निया: लिहून ठेवलेला रस्ता

१९६० च्या कॅलिफोर्निया मास्टर प्लॅनने तीन मजले आखले. शालान्त विद्यार्थ्यांपैकी वरच्या साडेबारा टक्क्यांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसी. वरच्या एक तृतीयांशाला राज्य विद्यापीठे. आणि कम्युनिटी कॉलेजे सर्वांना खुली. क्लार्क केर हे या आराखड्याचे प्रमुख शिल्पकार. मजले आखताना त्यांनी जिनाही आखला: खालून दोन वर्षे चांगली करणाऱ्याला वर जागा मिळाली पाहिजे. यूसीत दोन नवागतांमागे एक ट्रान्स्फर विद्यार्थी घ्यावा, हे गणित त्या परंपरेतूनच आले.

आज राज्यात ११६ कम्युनिटी कॉलेजे आहेत. राज्यातल्या रहिवाशाला एका युनिटची फी ४६ डॉलर. यूसीला जाण्यासाठी साठ सेमिस्टर युनिटे लागतात, म्हणजे दोन वर्षांची शिकवणी फी पावणेतीन हजार डॉलरच्या घरात. यूसीच्या एका वर्षाची फी याच्या कितीतरी पट आहे. त्यामुळे सिलिकॉन व्हॅलीतल्या सुखवस्तू घरांनाही हा हिशेब पटू लागला आहे. क्युपर्टिनोचे डी ॲन्झा कॉलेज ॲपलच्या मुख्यालयापासून हाकेच्या अंतरावर आहे. भोवताली राहणाऱ्या भारतीय कुटुंबांत, त्यात मराठीही आले, 'आधी डी ॲन्झा, मग बर्कली' हा बेत आता कुणी खालच्या आवाजात सांगत नाही.

हा रस्ता प्रत्यक्षात कसा चालतो, ते पाहायचे तर 'असिस्ट' हे राज्याचे सरकारी संकेतस्थळ उघडावे. आपले कॉलेज निवडायचे, जायचे ते विद्यापीठ निवडायचे, मग विषय. पडद्यावर दोन रकाने येतात: एकीकडे विद्यापीठाचा अभ्यासक्रम, त्यासमोर त्याला चालणारा कॉलेजचा अभ्यासक्रम. कॅल्क्युलसचे दोन-तीन भाग, भौतिकशास्त्र, प्रोग्रामिंग, सगळे ओळीने. मध्येच एखाद्या ओळीसमोर या कॉलेजात समकक्ष अभ्यासक्रम नाही, अशी नोंद असते. ज्याच्या वाट्याला ती ओळ आली त्याला शेजारच्या गावच्या कॉलेजात किंवा ऑनलाइन तो एक विषय शोधावा लागतो. एका सत्रात तो मिळाला नाही, तर अर्ज वर्षभर पुढे जातो. ट्रान्स्फरचे बरेचसे भवितव्य या एका तक्त्यात ठरते.

यूसीच्या नऊ पदवी संकुलांपैकी सहा ठिकाणी, डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ येथे, ठरलेले गुण आणि विषय पूर्ण केल्यास प्रवेशाची हमी मिळते. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो हमी देत नाहीत, आणि सर्वांत जास्त ओढा नेमका तिकडेच. तरीही लॉस एंजेलिसचे, म्हणजे यूसीएलएचे, आकडे बोलके आहेत. बारावीनंतर अर्ज करणाऱ्यांपैकी नऊ टक्क्यांच्या आसपास मुलांना तिथे जागा मिळते. ट्रान्स्फरच्या अर्जदारांत साधारण चारांत एकाला. आणि घेतलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जण कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांतले असतात.

खासगी विद्यापीठे: उरलेल्या जागा

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांची गोष्ट वेगळी. इथे पहिल्या वर्षाला आलेले जवळजवळ सगळेच विद्यार्थी टिकतात आणि बहुतेक जण वसतिगृहात राहतात. कुणी गेला तरच खाट रिकामी होते. लोकलच्या बाकावर चौथ्या माणसाला मिळते तेवढीच जागा इथे ट्रान्स्फरला मिळते: आधीचे तिघे सरकले तर.

प्रिन्स्टनने १९९० मध्ये ट्रान्स्फर प्रवेश बंदच केला होता. २०१८ साली तो पुन्हा सुरू झाला तेव्हा १,४२९ अर्ज आले, १३ जणांना प्रवेश देऊ केला गेला आणि ९ जण दाखल झाले. कम्युनिटी कॉलेजचे विद्यार्थी व माजी सैनिक यांना प्राधान्य, हा त्यामागचा जाहीर हेतू होता. हार्वर्डने २००८ मध्ये वसतिगृहांतल्या टंचाईचे कारण देऊन दोन वर्षे ट्रान्स्फर थांबवला. आज तिथे वर्षाकाठी सरासरी डझनभरच विद्यार्थी असे घेतले जातात. येलमध्ये नेहमीच्या ट्रान्स्फरखेरीज वय वाढल्यावर शिक्षणाकडे परतणाऱ्यांसाठी 'एली व्हिटनी' ही स्वतंत्र योजना आहे. कॅलटेक तर एकेकाळी ट्रान्स्फर अर्जदारांची गणित आणि भौतिकशास्त्राची स्वतंत्र लेखी परीक्षा घेई.

सगळीच खासगी विद्यापीठे इतकी मिटलेली नाहीत. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ दरवर्षी हजाराहून अधिक ट्रान्स्फर विद्यार्थी घेते. कॉर्नेल आयव्ही लीगमधले असूनही दरवर्षी शेकड्यांनी घेते, आणि त्याचे एक कारण त्याच्या घडणीत आहे. शेतीसारख्या त्याच्या काही शाखा न्यूयॉर्क राज्याच्या पैशावर चालतात, आणि शेती शाखेचे राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांशी करार आहेत. सरकारचा पैसा आला की दारही थोडे उघडते. कॉर्नेलची आणखी एक पद्धत वादग्रस्त ठरली आहे: बारावीनंतर नाकारलेल्या काही विद्यार्थ्यांना 'दुसरीकडे एक वर्ष अमुक गुण मिळवा, मग या' असे लेखी आश्वासन देण्याची. मुलाला ती सवलत वाटते. ज्या कॉलेजात तो ते एक वर्ष काढतो, त्याला मात्र पहिल्या दिवसापासून बॅग भरून बसलेला विद्यार्थी मिळतो.

अर्जात काय पाहतात

यूसीचा अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरायचा. एसएटी ही प्रवेशपरीक्षा नाही, शिफारसपत्र नाही. गुण, पूर्ण केलेले विषय आणि साडेतीनशे शब्दांची चार उत्तरे, त्यातले एक निवडलेल्या विषयाच्या तयारीबद्दल सक्तीचे. जानेवारीत गुणांची ताजी माहिती द्यायची, एप्रिलअखेर निकाल.

खासगी विद्यापीठांची मुदत बहुतेक ठिकाणी मार्चमध्ये असते आणि कागदपत्रे जास्त. दोन प्राध्यापकांची पत्रे, कॉलेजने भरून द्यायचा अहवाल, आणि चालू सत्राच्या गुणांचा एक तक्ता. हा तक्ता घेऊन विद्यार्थ्याला प्रत्येक प्राध्यापकाकडे जाऊन 'आत्तापर्यंत माझे गुण किती?' असे विचारावे लागते. आपण हे कॉलेज सोडू पाहतो आहोत हे ज्यांना कळू नये असे वाटते, त्याच माणसांना ते सांगावे लागते. एकच वर्ष शिकून अर्ज केला तर शाळेचे गुणपत्रकही मागतात, म्हणजे जुना निकाल पाठ सोडत नाही. आणि मग तो निबंध: का जायचे आहे? सध्याच्या कॉलेजाची उणीदुणी काढणे ही त्यात हमखास होणारी चूक. इथे जे शिकलो त्याच्या पुढची पायरी तिथे कोणती, कोणत्या विभागात, हे सांगणारा अर्ज वजनदार ठरतो, असे प्रवेश अधिकारी वारंवार सांगत आले आहेत.

बाजू घेणारे आणि शंका घेणारे

समर्थकांचे म्हणणे साधे आहे. सतराव्या वर्षी झालेली निवड अंतिम का मानावी? कॉलेजातले दोन वर्षांचे गुण हा शाळेतल्या परीक्षेपेक्षा थेट पुरावा आहे. या बाजूचा सर्वांत मोठा आधार म्हणजे जॅक केंट कुक फाउंडेशनचा २०१९ चा अहवाल. निवडक विद्यापीठांत कम्युनिटी कॉलेजातून आलेल्यांचे पदवी पूर्ण करण्याचे प्रमाण ७५ टक्के, थेट शाळेतून आलेल्यांचे ७३ आणि इतर चार वर्षांच्या कॉलेजांतून आलेल्यांचे ६१, असे त्यात आढळले. २०२३ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यावर बंदी आणली. तेव्हापासून वर्गातली विविधता टिकवण्याचा कायदेशीर मार्ग म्हणूनही कम्युनिटी कॉलेजांकडे बोट दाखवले जाते.

शंका घेणाऱ्यांची परंपराही जुनी. समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी, योगायोग म्हणजे मास्टर प्लॅनच्याच वर्षी, १९६० मध्ये, ज्युनिअर कॉलेजांविषयी एक निबंध लिहिला. मुलांची मोठी स्वप्ने हळूहळू थंड करणे हेही या कॉलेजांचे न बोललेले काम आहे, अशी त्यांची मांडणी होती: थेट नकार न देता समुपदेशन, चाचण्या, सोपे पर्याय यांच्या मदतीने मुलाला स्वतःहून माघार घ्यायला लावायचे. स्टीव्हन ब्रिंट आणि जेरोम काराबेल यांनी १९८९ च्या पुस्तकात हाच धागा पुढे नेला. अर्थतज्ज्ञ सिसिलिया राऊस यांनी १९९५ मध्ये आकडे तपासले, तेव्हा चित्र मधले निघाले: या कॉलेजांमुळे लोक एकंदरीत अधिक वर्षे शिकतात, पण पदवी मिळण्याची शक्यता फारशी बदलत नाही.

अलीकडचे आकडे शंका घेणाऱ्यांना बळ देतात. कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्या सुमारे ८० टक्के मुलांना पदवीपर्यंत जायचे असते. प्रत्यक्षात तिसरा हिस्सा ट्रान्स्फर होतो, आणि सहा वर्षांत पदवी हाती येते ती सोळा टक्क्यांच्या आसपास मुलांच्या. ज्या कॅलिफोर्नियाचे एवढे कौतुक वर केले, तिथल्या राज्य लेखापरीक्षकांनी २०२४ मध्ये दाखवले, की ट्रान्स्फरच्या इराद्याने आलेल्यांपैकी चार वर्षांत तो साधणारा पाचांत एकच आहे. म्हणून ७५ टक्क्यांचा तो आकडा जपून वाचावा लागतो. तो चाळणीतून वर आलेल्यांचा आहे, चाळणीत टाकलेल्यांचा नाही.

तिसरी बाजू विद्यापीठांची, आणि ती निव्वळ सबबीची नाही. कोलंबियासारख्या ठिकाणी सर्वांना सक्तीचा समान अभ्यासक्रम पहिल्या दोन वर्षांत असतो. तिसऱ्या वर्षी आलेल्याला तो कुठे बसवायचा? नव्या जागी पहिल्या सत्रात गुण घसरतात हे १९६५ पासून नोंदलेले आहे; जॉन हिल्स यांनी त्याला 'ट्रान्स्फर शॉक' हे नाव दिले. प्रयोगशाळेत शिरकाव, ओळखीचे प्राध्यापक, उन्हाळी इंटर्नशिप हे सगळे पहिल्या दोन वर्षांत जमवायचे असते.

यात क्रमवारीचाही एक पैलू आहे. अमेरिकेत पदवी-पूर्तीचे जे प्रमाण क्रमवारीत धरतात, ते पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांचे असते; ट्रान्स्फरवाले त्यात येत नाहीत. कोलंबियाचेच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडिअस यांनी २०२२ मध्ये आपल्या विद्यापीठाच्या आकडेवारीची चिरफाड केली. त्यांच्या आक्षेपांत हाही होता: तिथे ट्रान्स्फर विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत, त्यांचे पदवी-पूर्तीचे प्रमाण कमी आहे, आणि क्रमवारीला ते दिसतच नाहीत. त्या वर्षी कोलंबिया दुसऱ्या क्रमांकावरून अठराव्यावर घसरले. टीकाकार यातून दोन उलटे निष्कर्ष काढतात. काहींच्या मते विद्यापीठे फीसाठी मागच्या दाराने मुले भरतात. काहींच्या मते मोजदादच नसल्यामुळे या मुलांची काळजी घ्यायला कुणी बांधील राहत नाही. मला दुसरा मुद्दा अधिक गंभीर वाटतो.

सोबत काय येते

प्रवेश कसा मिळवावा यावर जितके बोलले जाते, त्याच्या दशांशही मिळाल्यावर काय होते यावर बोलले जात नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये अंदाज दिला, की २००४ ते २००९ या काळात संस्था बदललेल्यांनी सरासरी ४३ टक्के क्रेडिटे गमावली. त्यात सर्व प्रकारच्या बदल्या होत्या. सरकारी कॉलेजातून सरकारी विद्यापीठात जाणाऱ्यांचे नुकसान तुलनेने कमी. गमावलेले क्रेडिट म्हणजे पुन्हा भरलेली फी आणि वाढलेले सत्र. स्वस्तात काढलेल्या दोन वर्षांची बचत अशी एका झटक्यात निघून जाऊ शकते. वरची विद्यापीठे आणखी एक अट घालतात: किमान दोन वर्षे आमच्याकडेच. तीन वर्षे शिकून गेलेल्याचे एक वर्ष तिथेच बुडाले.

भारतातून गेलेल्या मुलाच्या बाबतीत आणखी गाठी पडतात. कम्युनिटी कॉलेजची ४६ डॉलरची फी त्याला नाही. परदेशी विद्यार्थ्याला कित्येक पट भरावे लागते. यूसीची फीही राज्याबाहेरच्यांच्या दराने. अनेक खासगी विद्यापीठे परदेशी ट्रान्स्फर अर्जदाराची ऐपत पाहून निर्णय घेतात. एफ-१ व्हिसावर असल्यास सरकारी नोंदही जुन्या संस्थेकडून नव्या संस्थेकडे ठरलेल्या तारखेला वळवून नवा आय-२०, म्हणजे प्रवेशाचा दाखला, घ्यावा लागतो. त्यामुळे एकाच मार्गाची दोन मराठी घरांतली किंमत वेगळी असते: फ्रीमॉन्टला जन्मलेल्या मुलीला तो काटकसरीचा, नाशिकहून गेलेल्या मुलाला बहुधा तो महागाचा.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळ जाणारी वाट म्हणजे अभियांत्रिकीचा थेट द्वितीय वर्ष प्रवेश. दहावीनंतर पॉलिटेक्निकची पदविका आणि तिच्या गुणांवर सीईटी सेलच्या केंद्रीभूत फेरीतून दुसऱ्या वर्षाला जागा. पुण्याच्या सीओईपीत, मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये या वाटेने मुले वर्षानुवर्षे येत आहेत. तीही कॅलिफोर्नियासारखीच नियमाने चालणारी वाट आहे, निबंधाने नव्हे. आयआयटीच्या बी.टेक.ला मात्र असे मधले दार नाही. २०२० चे शैक्षणिक धोरण आणि २०२१ पासूनची ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स यांनी क्रेडिटे साठवण्याची सोय केली. पण नोंद साठली म्हणून नामांकित संस्थेने जागा द्यावी, असे बंधन त्यातून येत नाही. अमेरिकेचा अनुभवही तोच: क्रेडिटची देवाणघेवाण आणि जागेची हमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी राज्याने भाग पाडल्याशिवाय क्वचितच आली.

अजून न सुटलेले

नाव मोठे झाल्याने आयुष्यात किती फरक पडतो, हा पहिला प्रश्न. स्टेसी डेल आणि ॲलन क्रुगर यांनी २००२ मध्ये दाखवले, की सारख्याच ठिकाणी अर्ज केलेल्या मुलांची तुलना केली तर निवडक कॉलेजात गेल्याने सरासरी कमाई फारशी वाढत नाही. अपवाद गरीब घरच्या मुलांचा. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांच्या २०२३ च्या अभ्यासातही सरासरी कमाईवरचा परिणाम किरकोळच निघाला, पण मिळकतीच्या वरच्या एका टक्क्यात पोहोचण्याची शक्यता सुमारे दीडपट होते असे आढळले. दोन्ही अभ्यास पहिल्या वर्षापासून तिथे असलेल्यांचे आहेत. चारऐवजी दोनच वर्षे काढणाऱ्याला तो लाभ पुरा मिळतो की अर्धा, हे त्यातून ठरत नाही.

दुसरा प्रश्न कोण येतो याचा. विद्यापीठे दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' प्रसिद्ध करतात. त्याच्या 'डी' विभागात ट्रान्स्फरचे अर्ज, देऊ केलेले प्रवेश आणि दाखल झालेले विद्यार्थी, असे तीन आकडे असतात. ते कम्युनिटी कॉलेजातून आले की दुसऱ्या तितक्याच श्रीमंत विद्यापीठातून, हे तो तक्ता सांगत नाही. दुसऱ्या संधीच्या नावाखाली एका आयव्हीतून दुसऱ्या आयव्हीत होणारी हालचालही त्याच बेरजेत मोजली जाते.

तिसरा प्रश्न पुन्हा कॅलिफोर्नियाचा. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या कायद्यानुसार यूसीएलएने २०२६-२७ पासून निदान आठ विषयांत 'ट्रान्स्फर पदविका' घेतलेल्यांना अग्रक्रमाने विचारात घ्यायचे आहे. तिथे जागा झाली नाही, तर यूसीच्या दुसऱ्या संकुलात प्रवेश देऊ करायचा. विद्यार्थी संघटनांना ही हमी अपुरी वाटते. आई-वडिलांच्या घरी राहून, अर्धवेळ नोकरी करून शिकणाऱ्या लॉस एंजेलिसच्या मुलीला चारशेहून अधिक किलोमीटरवरच्या मर्सेडची जागा देऊ केली, तर ती घेणार कशी, हा त्यांचा सवाल आहे. विद्यापीठाचे म्हणणे असे, की एकाच संकुलावर सगळ्यांना हमी दिली तर बाकीच्या आठांना अर्थ उरणार नाही. प्रयोगाचे निकाल हाती यायला अजून काही वर्षे जावी लागतील.